गावठी, आयुर्वेदिक, सायंटिफिक... औषधावर विश्वास बसतो तो शब्दामुळं का?

हरिपूरची_लेक

नमस्कार मंडळी. महिनाभर डोक्यात घोळतंय ते आज लिहून काढते, लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

मार्चमध्ये सासूबाईंना सांगलीत अॅडमिट केलं होतं. तोंडावर सूज, साखर चारशेच्या वर, आणि याआधी त्यांना साखर कधीच नव्हती. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, आजी, काही गावठी औषध, झाडपाला वगैरे घेता का? त्या म्हणाल्या, न्हाई बाबा, असलं कायबी घेत न्हाई मी. खोटं बोलल्या नाहीत हो त्या. तीन दिवस कुणाला कारण सापडेना. चौथ्या रात्री ड्यूटीवर एक शिकाऊ डॉक्टर मुलगी होती, ती त्यांच्याजवळ बसली आणि सहज म्हणाली, गुडघ्यासाठी काय घेता? तर लगेच, ते घेते की, पण ते आयुर्वेदिक आहे! मी दुसऱ्या दिवशी घरून डबा नेला. दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ एक चमचा. डब्यावर भारदस्त संस्कृत नाव, धन्वंतरीचं चित्र, "शास्त्रोक्त" असा शिक्का, लायसन नंबर कुठंच नाही. तीन दिवसात गुडघा मोकळा झाला होता म्हणून आम्हीच चार घरांत सांगितलं होतं की घ्या, साईड इफेक्ट नाही. डॉक्टर म्हणाले यात स्टेरॉइड मिसळलेलं असणार, लक्षणं तशीच आहेत, आणि एकदम बंदही करता येत नाही कारण शरीर स्वतःचं स्टेरॉइड तयार करायचं थांबलेलं असतं, हळूहळूच उतरवत आणावं लागतं. ते अजून चालू आहे.

मला झोप लागली नाही ती त्या एका उत्तरामुळं. सासूबाईंच्या लेखी बाजारात फडक्यावर मुळ्या मांडून बसलेली वैदीण विकते ते गावठी. संस्कृत नाव छापलं की ते गावठी राहत नाही. म्हणजे डॉक्टरांनी जो शब्द वापरला त्या शब्दानंच खरं उत्तर झाकून टाकलं.

आणि दुसरी गोष्ट. माझं माहेर हरिपूर, हळदीची पेवं होती आमच्याकडं, जमिनीखालची, पूर यायच्या आधी वर्षानुवर्षं हळद त्यात टिकायची. कापलं, खरचटलं की आई हळद दाबायची, त्याला ती औषध पण म्हणायची नाही, नुसतं "हळद लाव" म्हणायची. १९९५ ला अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला हळदीनं जखम भरून येते यावर पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान संशोधन परिषदेनं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख होते, आव्हान दिलं आणि १९९७ ला ते रद्द झालं. हे आपण अभिमानानं सांगतो, सांगावंच. पण कशावर रद्द झालं बघा. तिथल्या तेव्हाच्या कायद्यात दुसऱ्या देशातले लोक एखादी गोष्ट करतात, त्यांना माहीत आहे, एवढं पुरत नव्हतं, छापील पाहिजे. म्हणून ३२ लेखी संदर्भ गोळा केले, जुने संस्कृत ग्रंथ, उर्दू, हिंदी, आणि १९५३ चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला एक लेख. माझ्या आईचं, आजीचं, सगळ्या हळदकरी बायकांचं हात पिवळे करून मिळवलेलं ज्ञान त्या टेबलावर पुरावा म्हणून चाललं नसतं, कागदावरचं चाललं.

तर मला विचारायचंय, औषध खरं का खोटं हे आपण गुणावर ठरवतो का भाषेवर? तुमचे अनुभव लिहा.

माणदेशी

ताई मनातलं बोललात. आम्ही माण तालुक्यातले, मेंढरंवाले. माझ्या आजीला दीडेकशे झाडं नावानिशी माहीत होती, मेंढराच्या जखमेत किडं पडलं तर सीताफळाचा पाला कसा वाटायचा कुठं बांधायचा, कुठलं झाड पावसाळ्यात औषध आणि उन्हाळ्यात इख, सगळं. मी कॉलेजात असताना एक संशोधक आले होते, चांगला माणूस, आजीबरोबर आठ दिवस रानात हिंडले, वहीत लिहून घेतलं, भाकरी खाल्ली आमच्यात. नंतर त्यांचा प्रबंध मी लायब्ररीत बघितला. प्रत्येक झाडाचं लॅटिन नाव, कुळ, ते नाव ज्या गोऱ्या माणसानं ठेवलं त्याच्या नावाची आद्याक्षरं पण शेवटी. आजीचं नाव नाही. "स्थानिक वृद्ध माहितीदार" एवढंच. तिला मी ते दाखवलं नाही, तिला वाचता येत नव्हतं तरी दाखवलं नाही.

वॉर्डातला

मी मिरजेत मेडिसिनला रेसिडेंट आहे. हरिपूरच्या ताई, चूक प्रश्नाची होती हे मी पहिल्यांदा मान्य करतो. आम्हाला शिकवलेलं असतं की तक्रार पेशंटच्या शब्दात लिहा. पण केसपेपर इंग्रजीत. म्हणजे पेशंट म्हणतो छातीत भगभगतंय, आम्ही लिहितो बर्निंग. बाई म्हणते जीव घाबरा झालाय, दोन्ही हात गळाल्यागत झालेत, आम्ही लिहितो अँक्झायटी, आणि ती हार्टची केस असू शकते. बायकांमध्ये हार्ट अटॅक पुष्कळदा ठरलेल्या "छातीत कळ" सारखा येतच नाही, मळमळ, दम, पाठ-जबडा दुखणं असा येतो, आणि त्याला घरात नाव काय असतं तर पित्त. पित्त झालंय म्हणून खायचा सोडा घेऊन दुपारपर्यंत थांबलेल्या बायका मी बघितल्यात. पित्त हा शब्द तिला आयुर्वेदानं दिला, पण आज ती त्यात आंबट ढेकरापासून अंगावर उठणाऱ्या गांधीपर्यंत सगळं घालते.

पण लॅटिन नावांबद्दल माणदेशी यांना एक सांगायचंय, तुमच्या आजींचं नाव यायलाच पाहिजे होतं, त्यावर वाद नाही. तरी लॅटिन नाव हा नुसता रुबाब नाही. आपल्याकडं शंखपुष्पी म्हणून किमान तीन वेगवेगळी झाडं विकली जातात. ब्राह्मी कुणाची एक, कुणाची दुसरी. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन कमी करायच्या क्लिनिकमध्ये चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या, त्यातल्या एका झाडाच्या जागी त्याच चिनी नावाचं, फांग-जी, दुसरं झाड आलं, आणि शंभराहून जास्त बायकांच्या किडन्या गेल्या. नाव एक, झाड दोन. कोरोनात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं, त्यावर आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं पडलं की ती खरी गुळवेलच होती का, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल नव्हती ना हे आधी बघा. भांडण काय झालं ते बाजूला ठेवा, पण तो प्रश्न विचारायला सुद्धा दोन वेलींना दोन वेगळी नावं लागतात ना.

वैद्य_कृष्णाकाठ

मी कराडजवळ प्रॅक्टिस करतो, बीएएमएस, एमडी. पहिल्या पोस्टमधला डबा वाचून हात थरथरले. ते आयुर्वेद नाही. औषध कायद्यात, १९४० चा, पहिल्या परिशिष्टात ग्रंथांची यादीच आहे, चरक, सुश्रुत, अष्टांगहृदय, शार्ङ्गधर, भावप्रकाश असे पन्नासाहून जास्त, त्यातल्या पाठाप्रमाणं बनवलं तर ते शास्त्रोक्त आयुर्वेदिक औषध. बनवणाऱ्याला लायसन लागतं आणि ते डब्यावर छापावं लागतं. बिनलायसनचा माणूस स्टेरॉइड कालवून आमच्या भाषेत विकतो आणि बदनामी आमची होते. पहिलं काम म्हणजे डब्यावर लायसन नंबर बघा, आणि तीन दिवसात जुनं गुडघेदुखी पळवणारं काही हातात पडलं तर घाबरा, खूश होऊ नका.

माणदेशी, तुमच्यासाठी. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात म्हटलंय की रानातल्या औषधी नावारूपानं कोण ओळखतात तर शेळ्या राखणारे, मेंढपाळ आणि गुराखी. तुमच्या आजीचा उल्लेख आहे त्यात, असंच मी धरतो. पुढं असंही आहे की नुसतं नाव-रूप माहीत असून भागत नाही, देश-काल-माणूस बघून योजना करणं वेगळं. मी विद्यार्थ्यांना दोन्ही ओळी एकत्र सांगतो, कारण पहिली ओळ विसरून दुसरीच पाठ करायची सवय लागलीय आमच्यात.

आणि स्वतःच्या घरातलं एक दुखणं सांगतो. आमची मुलं हल्ली वात म्हणजे नर्व्हस सिस्टिम, आम म्हणजे टॉक्सिन, ओज म्हणजे इम्युनिटी असं धडाधड सांगतात. पेशंटवर छाप पडते. पण वात म्हणजे नर्व्हस सिस्टिम नाही. तसं म्हटलं की ना वात राहतो ना नर्व्हस सिस्टिमचं ज्ञान येतं. उसना शब्द घेतला की मान मिळतो आणि विचार जातो. मला याचा फार त्रास होतो.

वॉर्डातला

वैद्यजी, शेवटचा परिच्छेद वाचून बरं वाटलं. मग २०२० चं काय? नोव्हेंबरात आयुर्वेदातल्या शल्य (शस्त्रक्रिया) आणि शालाक्य (डोळे, कान, नाक, घसा) एमएसच्या मुलांना करता येतील अशा ५८ शस्त्रक्रियांची यादी आली तेव्हा आमच्या लोकांचा मोठा आक्षेप होता की नावं सगळी मॉडर्न सर्जरीची आहेत.

वैद्य_कृष्णाकाठ

त्यावर आयुष मंत्रालयानं खुलासा केला होता की प्रमाणित शास्त्रीय परिभाषा ही सगळ्या मानवजातीची, तिच्यावर कुणा एका गटाची मक्तेदारी नाही. मला हे तत्त्व म्हणून पटतं. अपेंडिक्सला अपेंडिक्सच म्हणावं, पेशंट उद्या तुमच्याकडं आला तर तुम्हाला कळायला नको का. फक्त ते म्हणताना त्यामागचं शिक्षण पण तेवढं पक्कं पाहिजे, हे मी माझ्या कॉलेजच्या मीटिंगमध्ये बोललोय. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२४ पासून आयुर्वेद, सिद्ध, युनानीच्या रोगनावांना आयसीडी-११ मध्ये, म्हणजे रोगांच्या जागतिक यादीत, कोड दिले, त्याचा मला आनंद आहे, आता आमचा आमवात जगाच्या वहीत आमवात म्हणूनच लिहिता येतो.

वॉर्डातला

आनंद बरोबर आहे, पण कोड मोजणीसाठी असतो. कोड मिळाला म्हणजे औषध सिद्ध झालं असं व्हॉट्सअपवर फिरतंय ते चूक आहे, तुम्ही वैद्य म्हणून हे सांगितलंत तर लोक ऐकतील.

वैद्य_कृष्णाकाठ

सांगतो. आजच सांगतो.

शिराळकर_३२

आमच्या भागात साप चावला असं कुणी तोंडानं म्हणत नाही. पान लागलं म्हणतात. किंवा जनावर चावलं. नाव घेतलं तर इख चढतं असा समज, रात्री तर बिलकुल नाही. बत्तीस शिराळा, नागपंचमीचं गाव, तुम्हाला माहीतच आहे आमच्याकडं नागाचं काय आहे ते. माझ्या चुलत्याला उसाच्या फडात संध्याकाळी लागलं. दवाखान्यात नेलं तर तिथं परराज्यातला नवीन डॉक्टर, हुशार पोरगा, पण त्याला "पान लागलंय" कळेना, त्यानं पाला अंगाला लागून खाज उठली असं धरलं आणि ॲलर्जीचं इंजेक्शन दिलं. आम्ही पण गप, कारण आम्हाला वाटलं सांगितलंय की आपण. सिस्टर जेवून आल्या त्यांनी पाय बघितला आणि ओरडल्या, घोणस हाय ही. मग प्रतिविष लावलं. अर्धा-पाऊण तास गेला. चुलते वाचले, पायाची दोन बोटं गेली.

आता सांगा त्या डॉक्टरची चूक का आमची? मला कुणाचीच धरवत नाही. पण त्या दिवसापासनं मी गावात प्रत्येक पोराला शिकवतो, घरात पान म्हणा नाहीतर काय म्हणा, दवाखान्याच्या दारात साप म्हणायचं, मोठ्यानं म्हणायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारींवर एकच प्रतिविष आहे, कुठला ते ओळखत बसायचं नाही, साप पकडून तर न्यायचाच नाही. आणि आधी उतरवायला कुणाकडं न्यायचं नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हे स्पष्ट आहे, साप, विंचू, कुत्रं चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र, गंडेदोरे करणं गुन्हा आहे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी जन्म घातला, मिरजेलाच डॉक्टर झालेले ते, आणि त्यांचा खून झाल्यावर तो कायदा आला.

तरी एक बोलतो. उतरवणारा माणूस आपल्या भाषेत बोलतो. पाठीवर हात ठेवून म्हणतो, उतरलं बग, आता भ्याचं न्हाई. बरेच साप बिनविषारी, बरेच चावे कोरडे, म्हणजे विष न सोडलेले, त्यामुळं त्याचं म्हणणं खरं पण ठरतं. दवाखान्यात तेवढं वाक्य कुणी म्हणत नाही. प्रतिविष द्या, आणि ते वाक्य पण म्हणा.

मिरजेची_मराठी_बाई

मी भाषा शिकवते. तीन-चार शब्दांकडं लक्ष वेधते.

शास्त्र. मराठीत हा एकच शब्द भौतिकशास्त्राला आणि धर्मशास्त्राला. "आयुर्वेद हे शास्त्र आहे" या वाक्यात तो ग्रंथात सांगितलेला आहे असंही येतं आणि प्रयोगानं तपासलेला आहे असंही येतं, ऐकणारा आपल्याला हवं ते घेतो. त्या डब्यावरचा "शास्त्रोक्त" शिक्का नेमका या भेगेत बसलेला आहे. हे इंग्रजीत होऊ शकत नाही, आपल्यातच होतं, त्यामुळं जपायचं पण आपणच.

ॲलोपॅथी. हा शब्द मॉडर्न डॉक्टरांचा नाहीच. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला विरोधकांना हिणवायला काढला. आपल्याकडं तो सरकारी कागदात बसला आणि आता एक पॅथी अशी, एक तशी, निवडा कुठलीही, असं वाटायला लागतं.

आयुष. २००३ मध्ये केंद्र सरकारच्या खात्याला दिलेलं नाव, आयुर्वेद, योग, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी यांची इंग्रजी आद्याक्षरं जोडून केलेलं. त्यात युनानी आहे, ज्या शब्दाचा अर्थच ग्रीक, त्यात जर्मनीतून आलेली होमिओपॅथी आहे, आणि सगळ्यांवर मिळून एक संस्कृत शब्द, आयुष्य. या नावानं त्या सगळ्या पद्धती ऐकताक्षणी घरच्या वाटायला लागल्या.

आणि डॉक्टरसाहेब, तुमच्याकडं पण आहे. इसेन्शियल हायपरटेन्शन म्हणजे ज्या बीपीचं नेमकं एक कारण सापडत नाही ते. इडिओपॅथिक म्हणजे आपलं आपण झालेलं. हे मराठीत सांगा ना पेशंटला, "कारण अजून सापडलेलं नाही, पण इलाज आहे." माझ्या वडिलांना कंप सुरू झाला तेव्हा इडिओपॅथिक हा शब्द त्यांनी सहा महिने रोगाचं नाव म्हणून जपून ठेवला होता, चिठ्ठीवर लिहून, खिशात.

उलट बाजू पण आहे. देवीची लस आली, मुंबईत १८०२ साली पहिल्यांदा टोचली, ती मराठीत "देवी काढणं" झाली. रोगाचं नाव देवी, लसीचं काम पण देवीच्याच नावानं. लोकांनी परकी गोष्ट आपल्या शब्दात घेतली.

मेडिकलवाला_विटा

तेवीस वर्षं काउंटरवर आहे. बीडी, टीडीएस, एचएस हे सगळं लॅटिन, दिवसातून दोनदा, तीनदा, झोपताना एवढाच अर्थ. २०१६ ला मेडिकल कौन्सिलनं नियम केला जेनेरिक नाव, म्हणजे कंपनीचं नाही तर औषधाचं मूळ नाव, लिहा, वाचता येईल असं लिहा, शक्यतो कॅपिटलमध्ये. काही डॉक्टर खरंच सुंदर लिहितात आता. मी पाकिटावर सूर्य, अर्धा सूर्य आणि चांदोबा काढतो आणि "अनशापोटी" असं मराठीत लिहितो. "जेवणाआधी" लिहिलं की लोक जेवायच्या ताटावर बसून घेतात, अनशापोटी म्हटलं की बरोबर सकाळी उठल्या उठल्या घेतात. थायरॉइडच्या गोळीला याचा फार फरक पडतो.

दुसरं, "गोळ्या गरम पडतात" म्हणून अर्धा कोर्स सोडणारे रोज येतात. त्यांना असं काही नसतं म्हटलं तर ते दुसऱ्या दुकानात जातात. मी म्हणतो गरम पडत असेल तर ताक घ्या भाताबरोबर, पण गोळी पूर्ण करा, फक्त काही गोळ्यांबरोबर दूध-ताक चालत नाही तेव्हा तसं सांगतो. त्यांच्या शब्दात शिरल्याशिवाय माझी गोळी त्यांच्या पोटात जात नाही, हे अनुभवाचं बोल.

आशाताई_जत

मी आशा वर्कर, जत तालुका. आमच्याकडं अर्धं गाव कन्नड. कावीळला तिकडं कामाले म्हणतात, वैद्यांच्या पुस्तकात कामला, शब्द तिन्ही एकाच घरातले. पण उपाय गावात एकच, देवडांगरीच्या कडू फळाचं पाणी नाकात. नाकातून पिवळं पाणी येतं, लोक म्हणतात बघा कावीळ बाहेर पडली. ते पाणी नाक सोलून निघाल्यामुळं येतं, कावीळ रक्तात असते हे मला ट्रेनिंगमध्ये सांगितलं. पाण्यातून होणारी साधी कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, म्हणून नाव देवडांगरीचं होतं. गरोदर बाईला झाली तर तसं नसतं, जीव जाऊ शकतो. मी आता सांगते, उतरवा म्हटलं तर मी अडवत नाही असं म्हणणार नाही, नाकात घालू देत नाही, पण भांडत पण नाही. रिपोर्टचा कागद दाखवते आणि म्हणते, रक्तातली कावीळ किती अंकानं उतरली ते दर आठवड्याला बघू. अंक उतरला की त्यांनाच पटतं. उतरणं हा शब्द मी त्यांचाच ठेवलाय.

माणदेशी

आशाताई, तुमच्या गावात जैवविविधता नोंदवही झालीय का? २००२ च्या कायद्याप्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि नोंदवही पाहिजे, त्यात गावातल्या जाणकारांची माहिती त्यांच्या नावासकट लिहिता येते. आमच्या ग्रामपंचायतीत मी विचारलं तर कपाटातून काढून दिली, बाहेरच्या कुणीतरी भरलेली, झाडांची यादी फक्त. आता मी आणि शाळेतले एक गुरुजी मिळून परत लिहायला घेतोय. आजी गेली, पण तिची थोरली बहीण आहे अजून, त्र्याण्णवची. रोज संध्याकाळी एक झाड. तिचं नाव, तिनं सांगितलेलं नाव, कुठल्या महिन्यात काढायचं, कशाला द्यायचं नाही. "द्यायचं नाही" हा रकाना त्या छापील तक्त्यात नव्हताच, तिनंच सांगितलं की ते आधी लिही.

वॉर्डातला

माणदेशी, तो रकाना आम्हाला पण हवाय. झाडांचे फोटो, पानफुलासकट, पाठवाल का? आमच्या इथं वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडून लॅटिन नाव करून देतो, शेजारी लिहा. तुमच्या आजीच्या बहिणीचं नाव आधी, मग बाकीचं.

हरिपूरची_लेक

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. सासूबाईंना पण वाचून दाखवलं, शिराळकरांच्या चुलत्यांचं ऐकून त्या रडल्या. म्हणाल्या, मला कुणी डबा दाखव म्हणलं असतं तर मी पहिल्याच दिवशी दाखवला असता.

मी एक कागद करायला घेतलाय, दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीशी चिकटवायला, तिथल्या सिस्टरना विचारलंय, चालेल म्हणाल्या. प्रश्न असे: गुडघ्याला, पोटाला, अंगावरून जातंय त्याला, झोपेला काय घेता? चूर्ण, काढा, अर्क, मलम, पुडी, बाटली? कुणी दिलं? डबा किंवा पुडी बरोबर आणा. "गावठी" शब्द कुठं नाही ठेवला. मराठी आणि कन्नड दोन्हीत करायचाय, आशाताई कन्नड बघाल का?

आणि कागदाच्या मागच्या बाजूला नवीन डॉक्टरांसाठी आपले शब्द. आत्तापर्यंत: पान लागलं, जनावर चावलं, उसण भरली, चमक निघाली, पित्त उठलं, उन्हाळी लागली, जीव घाबरा, हातपाय गळाले, भगभगतंय. अजून सांगा.

आशाताई_जत

कन्नड मी करते, रविवारी देते. शब्द: "पोट धरलंय", "डोळ्यापुढं काजवं". आणि बाळंतीण बाई "डोकं उठलंय, दिसंना झालंय" म्हणाली तर ते सगळ्यात वर लिही, लाल पेनानं, तिचं बीपी ताबडतोब बघायला लागतं.